‘राहू दे, मी पाहतो’: मनात धरण्याआधी करून बघायच्या पायऱ्या

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतला एखादा कारखाना घ्या. डिप्लोमा करून नुकताच लागलेला पोरगा मशीनचं सेटिंग करतो आहे. सुपरवायझर मागून येतात, क्षणभर बघतात, त्याच्या हातातला पाना घेतात आणि म्हणतात, "राहू दे, मी पाहतो." झालं. जेवणाच्या सुट्टीत पोरगा मित्राला सांगतो, "त्यायचा माझ्यावर भरोसाच नाही बे. दोन महिन्यांत काढतेच पाहा मले." रात्री घरी पोहोचेपर्यंत दुसरी नोकरी शोधायचं पक्कं झालेलं असतं.

आता सुपरवायझरांची बाजू. शिफ्ट संपत आलेली, माल कधी निघतो म्हणून वरून दोनदा फोन आलेला, आणि ते सेटिंग त्यांच्या हातात बसलेलं. कदाचित त्या घडीला त्यांच्या डोक्यात त्या पोराचा विचारही नसेल. किंवा पोरगा म्हणतो तसं, भरोसा नसेलही. आपल्याला माहीत नाही, आणि मुद्दा असा की पोरालाही माहीत नाही. त्याच्या कानावर आले ते चार शब्द. बाकीची सगळी गोष्ट त्यानं स्वतः रचली, आणि ती रचताना सामान वापरलं ते स्वतःबद्दलच्या मताचं.

माणसामाणसांतल्या संवादावर बोलायचं तर लोक थेट ‘बोलावं कसं’ इथे येतात. नजरेला नजर द्या, आवाज चढवू नका, स्मितहास्य ठेवा वगैरे. ते नंतरचं. घोळ होतो तो तोंड उघडायच्या आधी, बघणं आणि अर्थ लावणं यांच्या मधल्या जागेत. म्हणून पायऱ्यांकडे जाण्याआधी ही जागा नीट पाहून घेऊ.

समज तयार कशी होते

मानसशास्त्रात याला अवबोधन म्हणतात. आपण साधं ‘समज’ म्हणू. त्याचे तीन टप्पे सांगतात: निवडणं, मांडणं, अर्थ लावणं.

निवडणं आपल्या नकळत होतं. ऐन दिवाळीच्या तोंडावर बर्डीच्या मेन रोडवर शंभर आवाज कानावर आदळत असतात, तरी सोबतच्या माणसाचं बोलणं आपण बरोबर पकडतो. 1953 साली कॉलिन चेरी या ब्रिटिश संशोधकानं लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि एकाकडेच लक्ष द्यायला सांगितलं. दुसऱ्या कानातलं भाषण मध्येच जर्मन झालं तरी बहुतेकांना पत्ता लागला नाही. पुरुषाचा आवाज बाईचा झाला तेवढं मात्र कळलं. म्हणजे ‘मी सगळं ऐकलं’ हा दावा कुणीच करू नये. आपण लक्ष दिलं तेवढंच ऐकलं.

मांडणं म्हणजे निवडलेलं एखाद्या तयार कप्प्यात टाकणं. ‘सरकारी माणूस आहे’, ‘पुण्याचे आहेत’, ‘धाकटी जाऊ म्हणजे अशीच’. एक शब्द सगळी मांडणी बदलू शकतो. सॉलोमन अ‍ॅश यांनी 1946 मध्ये एका अनोळखी माणसाच्या गुणांची यादी दोन गटांना वाचून दाखवली. हुशार, कष्टाळू, निश्चयी वगैरे सगळं सारखं, फक्त एका यादीत ‘प्रेमळ’ आणि दुसरीत ‘कोरडा’. पहिल्या गटाला तो माणूस उदार, आनंदी, विनोदी वाटला. दुसऱ्या गटाला तसा वाटला नाही. नव्या सुनेबद्दल लग्नाआधीच कुणी ‘जरा शिष्ट आहे हं’ असं म्हणून गेलं असेल, तर पुढची दोन वर्षं ती शांत बसली की शिष्टपणाच दिसतो.

आणि तिसरं, अर्थ लावणं. इथे आपण सगळे जवळपास एकाच पद्धतीनं घसरतो. वर्धा रोडवर सिग्नल पडताना आपण गाडी काढली तर मागून ट्रक येत होता म्हणून. दुसऱ्यानं काढली तर त्याला अक्कल नाही. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण त्याच्या स्वभावात शोधायचं आणि परिस्थिती विसरायची, या सवयीला ली रॉस यांनी 1977 मध्ये ‘मूलभूत गुणारोपण दोष’ अशा अर्थाचं नाव दिलं. त्याच्या दहा वर्षं आधीचा जोन्स आणि हॅरिस यांचा प्रयोग तर मजेशीर आहे. क्यूबाच्या कॅस्ट्रोच्या बाजूनं किंवा विरोधात लिहिलेले निबंध विद्यार्थ्यांना वाचायला दिले. लेखकाला बाजू निवडायची मुभा नव्हती, ती नेमून दिली होती, हे स्पष्ट सांगितलं. तरीही वाचणाऱ्यांनी लेखकाचं खरं मत तेच असणार असं धरलं. नाइलाज डोळ्यांसमोर असूनही आपण माणसालाच धरतो.

आणि यात ‘मी’ कुठून येतो

चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञानं 1902 मध्ये ‘आरशातला मी’ ही कल्पना मांडली. समोरच्याला मी कसा दिसत असेन याची आपण कल्पना करतो. मग तो त्यावरून आपल्याला काय ठरवत असेल याची कल्पना करतो. आणि मग त्यावर ताठ होतो किंवा खजील होतो. यात ‘कल्पना’ दोनदा आली आहे, तिकडे लक्ष द्या. समोरच्यानं प्रत्यक्ष काय ठरवलं ते या हिशेबात आलेलंच नाही.

स्वतःबद्दलचं हे मत, म्हणजे स्व-संकल्पना, घरच्यांच्या बोलण्यातून, शाळेतून, तुलनेतून साठत जाते. नागपूरची पोरं पुण्यात नोकरीला गेली की याचा एक नमुना हमखास दिसतो. इथे चारचौघांत दणकून बोलणारा पोरगा तिथल्या पहिल्याच मीटिंगमध्ये "मी करून राहिलो ना ते" म्हणतो, कुणीतरी हसतं, आणि त्यानंतर तो बोलणंच कमी करतो. हसणाऱ्याच्या ते लक्षातही राहत नाही. वर्षभरानं हाच पोरगा ‘मला लोकांसमोर बोलायला जमत नाही’ असं स्वतःबद्दल सांगत असतो, आणि मॅनेजरही मूल्यमापनात तसंच लिहितो. खरं तर बोलीत काही खोट नव्हती. पण त्यानं मत तयार केलं, मतानं वागणं बदललं, वागण्यानं मत खरं करून दाखवलं.

हे इतरांच्या अपेक्षेतूनही होतं. रोझेनथल आणि जेकबसन यांनी, 1968 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत काही मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली आणि शिक्षकांना सांगितलं की ही मुलं यंदा झपाट्यानं पुढे जातील. पहिली-दुसरीतल्या अशा मुलांनी बुद्धिमापन चाचणीत खरंच जास्त प्रगती दाखवली. या निष्कर्षावर पुढे बरीच टीका झाली, परिणाम मुळात वाटला तेवढा मोठा नाही असंही दिसलं. पण अपेक्षा वागण्यातून झिरपते एवढं घरी दोन मुलं असलेल्या कुणालाही पटेल.

आता कामाचं.

पहिली पायरी: कॅमेऱ्यात आलं असतं तेवढंच लिहा

काही टोचलं की मोबाइलच्या नोट्समध्ये एक ओळ टाका. अट एकच, कोपऱ्यात कॅमेरा असता तर त्यात जे दिसलं-ऐकू आलं असतं तेवढंच लिहायचं. ‘सासूबाईंनी सगळ्यांसमोर माझा पाणउतारा केला’ हे कॅमेऱ्यात येत नाही. ‘मी केलेल्या वांग्याच्या भाजीत सासूबाईंनी चव न घेता वरून मीठ घातलं, तेव्हा नणंद आणि तिचे यजमान ताटावर होते’ हे येतं. नेहमी, कधीच, मुद्दाम, टोमणा, दुर्लक्ष, तोरा हे शब्द दिसले की ओळ पुन्हा लिहा. ते सगळे तुम्ही लावलेले अर्थ आहेत.

सुरुवातीला हे फार कृत्रिम वाटतं, राग आलेला असताना तर हास्यास्पद. पण एकही विशेषण न वापरता ओळ पूर्ण करायला जो वेळ लागतो, तेवढ्यात उत्तर फेकायची घाई बरीचशी ओसरते. माझ्या मते बाकीच्या सगळ्या पायऱ्या जमल्या नाहीत तरी ही एक जमवावी.

दुसरी पायरी: तीन कारणं, त्यातलं एक तुमच्याशी संबंध नसलेलं

त्या ओळीखाली तीन कारणं लिहा. एक तुम्हाला आधीच सुचलेलं असतं, ते वाईट असतं, ते लिहून टाका. दुसरं परिस्थितीचं: वेळ, घाई, तब्येत, त्या दिवशी आणखी काय चाललं होतं. तिसरं त्या माणसाच्या सवयीचं, ज्यात तुम्ही कुठेच नाही. मिठाच्या बाबतीत: (1) मला स्वयंपाक येत नाही हे दाखवायचं होतं. (2) जावई ताटावर होते, भाजी कमी पडेल की काय या धावपळीत हात आपोआप गेला. (3) सासरे सगळ्यातच जास्त मीठ खातात, तीस वर्षांची सवय.

पहिलं कारण खोडायचं नाही. ते खरं असू शकतं. फक्त त्याला शेजारी दोन सोबती द्यायचे.

तिसरी पायरी: झोंबलं ते का झोंबलं

एकाच वाक्यानं एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याची झोप उडते. फरक वाक्यात नसतो. म्हणून ही पायरी रागाच्या दिवशी करू नका, रविवारी निवांत बसून करा.

कागदावर ‘मी कोण आहे?’ असा प्रश्न लिहून त्याची वीस उत्तरं लिहा. प्रत्येक वाक्य ‘मी’नं सुरू करायचं, अडखळलं तरी वीस पूर्ण करायची. मॅनफर्ड कून आणि थॉमस मॅकपार्टलंड यांनी 1954 मध्ये मांडलेली ही चाचणी आहे. लोक सहसा आधी नाती, काम, गाव लिहितात. मी दोन मुलांची आई, मी महाल भागातली, मी बँकेत आहे. ते संपलं की खरी वाक्यं येऊ लागतात. मी चिडकी आहे. मी कुणाला नाही म्हणू शकत नाही. मी गणितात ढ.

आता अशा प्रत्येक वाक्यापुढे दोन गोष्टी टाका. हे पहिल्यांदा कुणी म्हटलं? आणि गेल्या वर्षभरात याचा पुरावा काय? ‘मी गणितात ढ’ हे पाचवीतल्या सरांचं वाक्य निघतं, आणि लिहिणारी बाई आज घरचं कर्ज, भिशी आणि दुकानाचा हिशेब तोंडी सांभाळत असते. ‘मी बेजबाबदार’ हे वडिलांचं असतं. काही वाक्यांना मात्र ताजा आणि भक्कम पुरावा मिळतो, तीही तशीच राहू द्या. सगळं खोडून स्वतःला शाबासकी द्यायचा हा कार्यक्रम नाही.

मग पहिल्या पायरीच्या नोंदी काढा आणि शेजारी ठेवा. बहुतेक वेळा एक-दोन वाक्यांशीच सगळ्या नोंदी जोडल्या जातात. ‘राहू दे, मी पाहतो’ एवढं लागलं, कारण यादीत सातव्या क्रमांकावर ‘मला हातानं काम नीट जमत नाही’ बसलेलं आहे. ते वाक्य तिथे नसतं तर पोरानं पाना देऊन दोन मिनिटं पाठ टेकली असती.

चारचौघांत झालेल्या फजितीचा ताण ज्यांना जास्त येतो, त्यांच्यासाठी आणखी एक. गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचा फोटो असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. जवळजवळ निम्म्या लोकांच्या ते लक्षात आलं असणार, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम चौघांतल्या एकाच्याच लक्षात आलं होतं. लग्नात आपली साडी रिपीट झाली हे हॉलभर कळलं असेल, असं वाटतं तेव्हा हा आकडा आठवावा.

चौथी पायरी: विचारा, पण असं

इथपर्यंत सगळं तुमच्या डोक्यात आणि कागदावर झालं. खरं कारण फक्त समोरच्याकडे आहे. विचारायची एक सोपी घडण आहे: जे दिसलं ते, मग त्याचे दोन शक्य अर्थ, मग प्रश्न. आरोप नाही, आणि ‘काही नाही, असंच’ हेही नाही.

पोरगा सुपरवायझरला म्हणू शकतो, "साहेब, सकाळी तुम्ही पाना घेतला अन् ‘राहू दे’ म्हटलं. घाई होती म्हणून, का माझं सेटिंग चुकत होतं? चुकत असन तं सांगा, उद्या ध्यान ठेवतो."

सून म्हणू शकते, "आई, काल भाजीत तुम्ही वरून मीठ घातलं. अळणी झाली होती का, की बाबांना जास्त लागते म्हणून?" आणि उत्तर येऊ शकतं, "अगं, यांना सावजीची सवय. घरचं काहीही केलं तरी अळणीच लागते त्यांना."

दोन अर्थ द्यायचेच, एक दिला की तो आरोप होतो. "तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?" या प्रश्नाला कुणीही "तसं नाही रे" म्हणून सुटतो. आणि दोन्ही अर्थ समोरच्याला कबूल करता येतील असे हवेत. "घाई होती की मला कमी लेखायचं होतं?" यात दुसरा पर्याय कुणी निवडेल का?

प्रश्नाच्या शेवटी गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. आपण विचारतो आणि उत्तर यायच्या आत स्वतःच "नाही म्हणजे, मला आपलं वाटलं..." सुरू करतो.

जागा आणि वेळ निवडा. अर्व्हिंग गॉफमन यांनी 1955 च्या एका लेखात दाखवलं की चारचौघांत प्रत्येक जण आपली आब राखायला धडपडत असतो, आणि ती जाते आहे असं वाटलं की बोलण्याचा विषय बाजूला पडून आब वाचवणंच सुरू होतं. म्हणून लाइनवर सगळ्यांसमोर नाही, जेवणाच्या पंगतीत नाही. चहाच्या टपरीवर, गाडीवर मागे बसून, भाजी निवडताना. दोघांची नजर तिसऱ्याच कशावर तरी असली की असं बोलणं सोपं जातं. आणि मे महिन्यात दुपारी तीनला नागपुरात कुणाशीच महत्त्वाचं बोलू नये. पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना चांगल्या माणसाचंही डोकं ठिकाणावर नसतं.

उत्तर वाईट आलं तर? "हो, तुझ्या हातून दोन पीस रिजेक्ट झाले, म्हणून घेतला." हे ऐकायला कडू आहे, पण ‘भरोसा नाही’ यापेक्षा कितीतरी कामाचं आहे, कारण यावर काहीतरी करता येतं. पुढचा प्रश्न लगेच: "कोणत्या स्टेपला चुकतं मी? एकदा तुमच्यासमोर करून दाखवतो." खुलासे देत बसू नका.

पाचवी पायरी: हे व्हॉट्सअ‍ॅपवर करू नका

एलिझाबेथ न्यूटन या स्टॅनफर्डच्या विद्यार्थिनीनं 1990 मध्ये काही जणांना ओळखीच्या गाण्यांची चाल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली. समोरचा निम्मी गाणी ओळखेल असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. 120 पैकी ओळखली गेली तीन. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल घुमत असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक. फॅमिली ग्रुपवरच्या "ठीक आहे." चंही हेच. लिहिणाऱ्यानं स्वयंपाक करता करता घाईत टाकलेलं असतं, वाचणारा त्या पूर्णविरामावर तासभर विचार करतो. भेटणं शक्य नसेल तर फोन करा. तेही नाही तर निदान व्हॉइस मेसेज.

‘संवादात शब्दांचा वाटा फक्त 7 टक्के, बाकी देहबोली’ हे वाक्य मात्र विसरून जा. कॉर्पोरेट ट्रेनिंगपासून कॉलेजच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरापर्यंत सगळीकडे ते ठोकून सांगतात. अल्बर्ट मेहराबियन यांचे 1967 मधले ते प्रयोग एकेका सुट्या शब्दावर, आवड-नावड व्यक्त करण्यापुरते होते. सगळ्या बोलण्याला ते लावता येत नाहीत, असं खुद्द मेहराबियन यांनीच नंतर सांगितलं आहे.

सहावी पायरी: उलट बाजूनं

आतापर्यंत तुम्ही दुसऱ्याचा अर्थ लावत होता. दुसरेही तुमचा लावत असतात. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी 1955 मध्ये चार खणांची ‘जोहरी खिडकी’ मांडली. एका खणात मला आणि इतरांना दोघांना माहीत असलेलं, एकात फक्त मलाच माहीत असलेलं, एकात इतरांना दिसणारं पण मला न दिसणारं, आणि चौथ्यात कुणालाच न कळलेलं. कामाचा खण तिसरा.

तो उघडायला एक माणूस घरातला, एक कामावरचा आणि एक जुना मित्र निवडा. ‘मी कसा आहे?’ असं विचारू नका, ‘मस्त आहेस’ एवढंच मिळेल. विचारा, "मी घाईत किंवा वैतागलेला असतो तेव्हा काय करतो, ज्यानं तुला त्रास होतो?" मिळालेल्या उत्तरावर चोवीस तास काही बोलू नका, "हो, पण" तर अजिबात नाही. सुपरवायझर, शिक्षक, आईबाप अशा हातात काही असलेल्या माणसांनी हे आवर्जून करावं. तुमच्या घाईतल्या चार शब्दांवर दुसरा कुणी आठवडा काढत असतो, आणि तो आपणहून येऊन सांगेल याची शक्यता कमीच.

हे कुठे वापरायचं नाही

जातीवरून काढलेला शब्द, अंगावर टाकलेला हात, पुन्हा पुन्हा केलेली अश्लील शेरेबाजी, पगार अडवून धरणं, यात दुसरं-तिसरं कारण शोधत बसू नये. तिथे कॅमेऱ्याची पायरी तेवढी उपयोगी आहे. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं हे लिहून ठेवा, ते पुढे पुरावा म्हणून लागतं. ‘तुझा गैरसमज झाला’ हे वाक्य अशा वेळी समोरून हमखास येतं, आणि या लेखातलं सगळं ज्ञान तुमच्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं. ऐकू नका. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक आहेत. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ होत असेल तर 2013 च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तक्रार लेखी द्यायची, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवायची.